बर्वे, हत्ती आणि ऑइलपेंट

शेजारच्या आक्कांना कुणाही माणसाची माहिती तीन कलमांत लागते. पितो का, बायकोशी नीट बोलतो का, आणि भावकीत जमिनीवरनं काही जुंपलंय का. एवढं कळलं की पुढचं त्या स्वतः जुळवतात, आणि बहुतेक वेळा बरोबर जुळवतात. कोयना प्रकल्पातला रिटायर्ड फिटर असो, पोफळीहून आलेला ऑपरेटर असो, नाहीतर बाजारपेठेत नवीन दुकान टाकलेला कुणी असो, आठ दिवसांत त्याचा सातबारा आक्कांकडे तयार. त्यांना हात टेकायला लावले ते एकट्या प्रभाकर बर्व्यांनी.

झालं असं की ऑक्टोबरात पाऊस एकदाचा हटला आणि मी पुस्तकांना ऊन दाखवायला काढलं. कोयनेला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. चपलेला बुरशी, पट्ट्याला बुरशी, आणि चित्रकलेच्या मास्तरनं जन्मभर हौसेनं जमवलेल्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांना तर सगळ्यात आधी. पानं एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेलं की चित्राचा टवका निघतो. म्हणून अंगणात बाज टाकून एकेक पुस्तक उघडं करून ठेवलेलं. आमच्या दोन घरांमध्ये कडूमेंदीचं कुंपण आहे, छातीएवढं. पलीकडून आक्का वाकल्या.

"सर, ह्ये घड्याळ कशाला टांगलंय?"

"कशालाच नाही."

"खिळा?"

"नाही."

"मग पडत न्हाई?"

"पडत नाही."

आक्कांनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. पानावर एक घड्याळ, त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर झाडाचं एक पान, आणि मध्ये नुसती फिकट मोकळी जागा. ना टेबल, ना भिंत. "आन् त्या पानाचा नि घड्याळाचा संबंध काय?"

"तेच बघायचं असतं."

"कुनी काढलंय?"

"प्रभाकर बर्वे. मोठे चित्रकार. 1995 च्या डिसेंबरात गेले, साठीसुद्धा गाठली नाही."

"आरारा." आक्कांनी पदर सावरला आणि कुंपणाला कोपर टेकलं. याचा अर्थ चूल बंद करून आल्या आहेत, वेळ भरपूर आहे. "प्यायचं का?"

तर इथून सुरुवात. मी म्हटलं, आक्का, या माणसाची दंतकथाच नाही. नोकरी केली, चित्रं काढली, वह्याच्या वह्या लिहून भरल्या, एक पुस्तक लिहिलं. संपलं. आक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मीच माहिती दाबून ठेवतोय.

"गाव कुठलं?"

"नागाव. अलिबागजवळचं."

"नागाव आपल्याला ठावं हाय. नणंद रोह्याकडं दिलेली, तिच्या पोरांसंगं गेलो व्हतो दर्यावर. नारळी-पोफळीच्या वाड्या." आक्कांची नणंद तिकडे कशी, तर धरणात गाव गेलं आणि भावकीतली निम्मी घरं सरकारनं रायगड जिल्ह्यात नेऊन वसवली. कोयनेची माणसं अशी ठाण्यापासून सोलापूरपर्यंत पांगलेली आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातलं कुठलंही गाव काढा, आक्कांचा तिथे एक पाव्हणा निघतो.

तर नागाव, 16 मार्च 1936. घराणं कलेचं. नात्यातले आजोबा म्हणजे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, तिथूनच जवळच्या सासवण्याचे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, 1928 सालचा. सासवण्याला त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे, अंगणात गाई-म्हशीसुद्धा शिल्पातल्या. बर्व्यांचे वडील मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत चित्रकाराचं काम करायचे. पोरगा 1954 ला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, 1959 ला बाहेर पडला.

"म्हंजे पुतळंवाल्या घरचं. मग ह्येनं पन चांगला घोडा काढायचा का न्हाई?"

हा प्रश्न करमरकरांच्या घोड्यासमोर उभं राहून मलाही कधीतरी पडला होता. पण बर्व्यांना घोडा नको होता, घोड्यावरचा राजाही नको होता. त्यांना पान, शिंपला, सफरचंद, पक्ष्याचं पीस, हात, सेफ्टी पिन, घड्याळ, असल्या वस्तू हव्या होत्या. घरात केर काढताना सापडतील अशा. आणि त्या वस्तू ते अशा ठेवायचे की बघणारा बिचकतो. जाणकार म्हणतात, हा अतिवास्तववाद. दुसरे जाणकार म्हणतात, छे, तो वेगळा, हे वेगळं. तिसरे म्हणतात, पॉल क्ले या चित्रकाराची छाया आहे. माझं मत नंतर सांगतो, कारण आक्कांना आधी अतिवास्तववाद म्हणजे काय ते सांगावं लागलं, आणि तिथे गप्पांना जो रंग चढला तो बर्व्यांमुळे चढला नव्हता.

मी सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी, 1924 साली, पॅरिसात आंद्रे ब्रेताँ नावाच्या कवीनं जाहीरनामा काढला. पहिल्या महायुद्धात तो डोकं फिरलेल्या शिपायांच्या वॉर्डात काम केलेला माणूस. त्याचं म्हणणं, शहाण्यासुरत्या जगानं ही लढाई केली, तर शहाणपण पुरे. स्वप्नात जे दिसतं, भ्रमात जे सुचतं, ते काढा. त्याच्याही आधी एका फ्रेंच कवीनं मुडदा चिरायच्या टेबलावर छत्री आणि शिलाई मशीनची गाठ घालून दिली होती. ती कल्पना ब्रेताँच्या मंडळींनी डोक्यावर घेतली. न जुळणाऱ्या दोन वस्तू, नको त्या ठिकाणी शेजारी शेजारी.

"छत्री आन् मिशीन?" आक्का म्हणाल्या. "आमच्या पडवीत जूनपास्नं हायतच की. छत्र्या मिशीनीवरच निथळत्यात."

आता यावर ब्रेताँ काय बोलणार.

मग मी मॅग्रितबद्दल सांगितलं. बेल्जियमचा माणूस, कोट-टोपी घालून साध्या कारकुनासारखा राहायचा आणि तसाच कोट-टोपीतला माणूस चित्रात घालायचा. 1953 च्या एका चित्रात त्यानं अशा माणसांचा पाऊस पाडलाय. घरांच्या छपरांवर, हवेत, सगळीकडे काळ्या ओव्हरकोटातली माणसं, थेंबांसारखी. आणि चित्राचं नाव काय? गोवळकोंडा. आपल्या हैदराबादजवळचा, हिऱ्यांचा. आक्कांना पाऊस म्हटला की त्या हिशेबाला बसतात. त्यांनी विचारलं, तो पाऊस लागून राहिला का सर येऊन गेली. मी म्हटलं, चित्रातला पाऊस, आक्का, तो थांबलेलाच असतो.

आणि मग दाली.

साल्वादोर दालीच्या बाबतीत आक्कांच्या तिन्ही कलमांना पुरून उरेल एवढी सामग्री आहे. मिशा मेणानं वळवून डोळ्यांपर्यंत नेलेल्या. 1936 ला लंडनच्या प्रदर्शनात पाणबुड्याचा पोशाख, वर धातूचा टोप, अशा थाटात भाषणाला उभा राहिला आणि आत गुदमरायला लागला. लोकांनी टोप ओढून काढला म्हणून वाचला. 1931 सालचं त्याचं चित्र, त्यात घड्याळं लोण्यासारखी वितळून फांदीवर लोंबतात. "ह्येची घड्याळं वितळत्यात, त्येची टांगलेली," आक्का पुटपुटल्या. म्हणजे बाई ऐकत होत्या. पण खरी गोष्ट पुढे. एअर इंडियानं दालीला सांगितलं, आमच्या खाशा प्रवाशांना भेट द्यायला एक ॲशट्रे करून दे. त्यानं चिनी मातीचा केला, कडेनं साप, खाली आधाराला हत्तीची मुंडकी आणि हंस, तेही असे की एक उलटा धरला की दुसरा दिसावा. मोबदला म्हणून पैसे नकोत म्हणाला. हत्तीचं पिल्लू पाहिजे म्हणाला.

"आन् दिलं?"

"दिलं. बंगळूरहून विमानात घालून जिनिव्हाला, सोबत माहूत, तिथून ट्रकनं स्पेनमध्ये त्याच्या गावाला."

आक्का इतक्या खूष झाल्या की त्यांनी तिथूनच आमच्या घरात हाक मारली, "वहिनी, भायेर या, ऐका ह्ये सर काय सांगत्यात." आमच्या घरातून आवाज आला की तो हत्ती मला पाठ आहे. आक्कांनी विचारलं, "कवाची गोष्ट?"

"1967."

आणि आक्कांचं हसू जागच्या जागी थांबलं. कोयनानगरात 1967 हे साल कुणी सहज उच्चारत नाही. 11 डिसेंबर, पहाटे चार वाजून गेलेले. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कॉलनीतली बहुतेक घरं बसली. धरणात साठलेल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध काय, यावर जगभरचे भूगर्भवाले आजही इथल्या जमिनीला भोकं पाडून बघतायत. ते सगळं पुस्तकात आहे. आक्कांनी त्या दिवशी मेंदीचं पान खुडत जे सांगितलं ते मात्र मी कुठे वाचलं नव्हतं.

"म्या तवा तिसरीत. वडील पहिल्या पाळीला जायाचं म्हनून आई उठलेली, बलप चालू. आदी आवाज आला, भुईच्या पोटातनं, खडीचा ट्रक वतल्यागत. आन् मग फळीवरची भांडी."

"पडली."

"पडली न्हवं वो. ऐका की. फळी आदी खाली गेली, भांडी मागनं गेली. मधल्या वक्ताला भांडी नुसती व्हती. फळीला बी न्हाईत, भुईला बी न्हाईत. तांब्या, चरवी, आईचा पितळी डबा. येकमेकापास्नं लांब लांब. म्या बगितलं ना ह्या डोळ्यांनी. मग आवाज झाला नि बलप गेला."

बोलता बोलता त्यांनी कुंपणावरून हात लांब करून त्या पुस्तकाकडे बोट केलं. "ह्ये त्येच हाय. पडायच्या आदीचं."

बर्व्यांच्या चित्राचा आणि भूकंपाचा संबंध मी लावत नाही. उगाच ओढूनताणून काही करायची गरज नाही. पण वस्तू आपल्या जागेवरून सुटली आणि दुसऱ्या जागी अजून पोचली नाही, एवढा वेळ ती कशी दिसते, हे बर्व्यांच्या चित्रांत दिसतं. त्या वेळात तांब्या पाण्यासाठी नसतो, घड्याळ वेळेसाठी नसतं. मी बत्तीस पोरांच्या वर्गात वस्तुचित्र शिकवलं. टेबलावर तांब्या, खाली कापड, बाजूला दोन लिंबं किंवा वांगं. पहिला धडा: सावली वस्तूच्या बुडाला चिकटली पाहिजे, नाहीतर वस्तू तरंगते आणि ग्रेड जाते. एलिमेंटरी-इंटरमीडिएटच्या परीक्षेत पोरांच्या तरंगणाऱ्या तांब्यांवर मी किती लाल फुल्या मारल्या असतील. बर्वे इंटरमीडिएटला तसं काढून बसले असते तर 'सी' ग्रेडवर सुटका झाली असती.

म्हणून मला वाटतं त्यांना दालीच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. दालीच्या चित्रात काहीतरी भयंकर घडून गेलेलं असतं, मुंग्या लागलेल्या असतात, वस्तू किडलेली-वितळलेली असते. बर्व्यांकडे वस्तू धडधाकट असते. सफरचंद सफरचंदच. बिचकायला होतं ते त्या दोन वस्तूंमध्ये जी जागा सोडलीय तिच्यामुळे. आणि ही जागा सोडायला ते कुठे शिकले असतील, याचा धागा आक्कांनीच दिला, नोकरीची चौकशी करता करता.

"नोकरी कसली म्हनालासा?"

"विणकर सेवा केंद्रात. हातमागाच्या कापडावर नक्षी काय घालायची, ती विणकरांना काढून द्यायची." पुपुल जयकरांनी पुढाकार घेऊन उभी केलेली ही केंद्रं. त्यांनी तिथे चित्रकारांना बोलावलं, के. जी. सुब्रह्मण्यन हातमाग मंडळात होते, अकोल्याचे आंबादास केंद्रात होते, आणि बर्वे 1961 ला लागले ते वीसेक वर्षं राहिले. सुरुवातीला नेमणूक बनारसला.

"बनारसला! म्हंजे शालू." आता आक्का स्वतःच्या प्रांतात आल्या. "तरीच. शालूला बुट्टी बुट्टीला लागून चालत न्हाई. लागली की गर्दी दिसती, अंगावर चढत न्हाई. मदी रिकामं सोडलेलं आसतं त्येचंच पैसं आसत्यात. माझ्या लग्नात मामीनं स्वस्तातला घेतला, भरगच्च बुट्टीचा. नेसले तर दुकानातला गठ्ठा उभा केल्यागत."

मला कुण्या समीक्षकाचं पुस्तक उघडायची गरज उरली नाही. दिवसा बुट्टीत किती जागा सोडायची ते ठरवायचं आणि रात्री कॅनव्हासवर पान आणि घड्याळ यांच्यामध्ये. हात तोच.

बनारसनं त्यांना आणखी एक दिलं, तंत्र. त्रिकोण, बिंदू, यंत्रं. साठच्या दशकातली त्यांची चित्रं त्या वळणाची, रंग भडक. 'किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स' हे इस्पिकच्या राजा-राणीचं चित्र त्याच काळातलं, तेही 1967 चंच. त्यानंतर तर तंत्रकलेला परदेशात भलती मागणी आली. आणि नेमकं तेव्हा हा माणूस चालत्या गाडीतून उतरला. खपणारी यंत्रं सोडून पिना आणि पानं काढायला लागला. माझ्या लेखी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात धाडसाची गोष्ट ही. पण धाडस असं, की त्यात ना पोलीस, ना सासू. आक्कांनी ती ऐकून घेतली आणि सोडून दिली.

एवढ्यात तात्या आले. पोफळीच्या वीजघरातून रिटायर झालेले, हातात दुधाची किटली. त्यांना अतिवास्तववादाचा सारांश आक्कांनीच सांगितला, हत्तीसकट. तात्या म्हणाले, यात काय विशेष, 1999 ला आपण शिवसागर जलाशयाला खालून भोक पाडलं. पाणी तसंच ठेवून, तळाशी सुरुंग लावून, बोगद्यात पाणी घेतलं. लेक टॅपिंग, आशियातलं पहिलं म्हणतात. तळ्याला बुडातून भोक आणि वरून सगळं शांत, हे कुणी चित्रात काढलं असतं तर लोक म्हणाले असते, डोकं फिरलंय. मी म्हटलं, तात्या, तुमची गोष्ट खरी, पण तुम्ही ती विजेसाठी केलीत. चित्रकाराला तो बहाणा नसतो.

तात्यांनी पुस्तक उचललं, पान डोळ्याजवळ नेलं. यंत्रावरचा माणूस, पहिला प्रश्न मटेरियलचा. "कशानं रंगवलंय?"

"ऑइलपेंटनं."

"ते चित्रकारांचे ट्यूबमधले?"

"नाही. दारं-खिडक्यांना लावतो तो. डब्यातला इनॅमल."

आक्का एकदम सरळ झाल्या. "आमच्या मालकांचा?"

आक्कांचे मालक प्रकल्पात पेंटर होते. धरणावरचे कठडे, गेट, क्वार्टरच्या खिडक्या, दरसाल पावसाआधी एक हात. तीस वर्षं घरात टर्पेंटाइनचा वास. त्यामुळे इथून पुढे व्याख्यान मी नाही, आक्कांनी दिलं, आणि मी जे. जे. च्या कुणाकडूनही इतकं नीट ऐकलेलं नाही. ऑइलपेंटचा डबा उघडला की वर साय धरलेली असते, ती काडीनं अलगद काढायची, मोडली तर रंगात गुठळ्या. रंग जाड लावला तर वरचं सुकतं, आतलं ओलं राहतं, आणि सुरकुती येते. उन्हात लावला तर लवकर येते. उभ्या फळीवर जास्त झाला तर ओघळ, म्हणून चित्र आडवं ठेवूनच काढलं असणार, असं आक्कांनी परस्पर ठरवून टाकलं. आणि मुख्य गोष्ट: "ह्यो रंग तुमी हात काढून घेतला तरी थांबत न्हाई. जरा वेळ आपला आपला चालतो. मग बसतो. कुंच्याची रेघ ऱ्हात न्हाई. मालक म्हनायचं, चांगलं काम त्ये की ज्यात पेंटर दिसत न्हाई."

ट्यूबमधल्या तैलरंगात चित्रकाराचा प्रत्येक फटकारा जिवंत राहतो. व्हॅन गॉखचं सगळं त्यावर चाललेलं. इनॅमल ती खूण पुसून टाकतं. पिकासोनं असला घरगुती रंग वापरला, अमेरिकेत पोलॉकनं तो कॅनव्हासवर ओतला. पण पोलॉकच्या ओतण्यात पोलॉकच नाचताना दिसतो. बर्व्यांनी हाच रंग उलट्या कामाला लावला. पान, घड्याळ, पीस, सगळं सपाट, तुकतुकीत, कडा मऊ, आणि ते तिथे कुणी ठेवलं याचा पत्ताच नाही. ज्या माणसाबद्दल कुजबुजायला काही सापडत नाही तो आपल्या कॅनव्हासवरूनही असाच निघून गेलेला.

"मंग आमच्या मालकांना कुनी बक्षीस दिलं न्हाई ते?" आक्का म्हणाल्या. "ह्यास्नी दिलं आसंल."

दिलं होतं, ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार, 1976 ला. मी हळूच सांगितलं. तात्या म्हणाले, रंग तोच असला तरी गेट ते गेट. आक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं की तात्यांनी किटली दुसऱ्या हातात घेतली.

पुढे मी पुस्तकाबद्दल बोललो, 'कोरा कॅनव्हास', मौज प्रकाशन, 1990. आकार, अवकाश, वस्तू यांबद्दल चित्रकारानं स्वतः मराठीत लिहिलेलं असं पुस्तक आपल्याकडे विरळाच. चित्रकार एरवी लिहीत नाहीत आणि लिहिलं तर इंग्रजीत लिहितात. बर्व्यांचा प्रभाव कशात आहे असं कुणी विचारलं तर मी आधी या पुस्तकाकडे बोट दाखवीन. त्यांच्यासारखी पानं-पिना काढणारे नकलाकार होतात आणि विरतात. पण हे पुस्तक कलाशाळेतली पोरं वाचतात, कविता लिहिणारे वाचतात, आणि एखादा मास्तर वर्गातल्या टेबलावरचा तांब्या उचलून बाजूला ठेवतो नि पोरांना म्हणतो, आता तांब्या जिथे होता ती जागा काढा. मी एकदा तसं केलं. निम्म्या वर्गानं टेबल काढलं. एका मुलीनं कागद कोरा ठेवून फक्त पाण्याचं ओलं वर्तुळ काढलं. ती आता कराडला नर्स आहे. शांता गोखल्यांनी 2013 मध्ये पुस्तक इंग्रजीत नेलं, म्हणजे बाहेरच्या लोकांनाही कळलं की या माणसाचं डोकं मराठीतून चालायचं.

आक्कांना जांभई आली. प्रभाव वगैरे कलम त्यांच्या यादीत नाही. म्हणून मी हातातलं शेवटचं पान टाकलं. म्हटलं, आक्का, एक भांडण झालं होतं.

"मंग मगापास्नं काय करत व्हता!"

फेब्रुवारी 2019. मुंबईत रीगल सिनेमाजवळच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये, जिथे आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, बर्व्यांचं मोठं प्रदर्शन. नाव 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स', म्हणजे रिकाम्या खोक्याच्या आत. मी बघायला गेलो होतो, अर्धगोल जिने चढत मजल्यामागून मजले. खालपासून वरपर्यंत एकच माणूस, आणि वह्यासुद्धा मांडलेल्या, बारीक अक्षरातल्या. पण भानगड झाली ती मी जायच्या आधी, उद्घाटनाला. भाषणाला अमोल पालेकर.

"गोलमालमधला? मिशीवाला?"

"दोन्ही. मिशीवाला आणि बिनमिशीचा."

पालेकर मुळात जे. जे. चेच, चित्रकार. त्यांनी बर्व्यांबद्दल बोलता बोलता संग्रहालयाच्या कारभारावर टीका केली. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद केल्या, आता काय दाखवायचं ते दिल्लीतून ठरणार, अशा अर्थाचं. तर व्यासपीठावरून त्यांना मध्येच अडवण्यात आलं, बर्व्यांबद्दलच बोला म्हणून. दुसऱ्या दिवशी देशभर बातम्या. कोण बरोबर, कोण चूक, चॅनलवाल्यांना आठवडाभर पुरलं.

आक्कांनी सगळं तपशिलात विचारून घेतलं. कोण उठलं, कोण कुठे बसलं होतं, पालेकर पुढे बोलले का खाली बसले. मग हिशेब मांडला. "म्हंजे मानूस जाऊन तेवीस वर्सं झाली. भांडान झालं त्ये दुसऱ्याचं. कारन बी तिसरंच. आन् त्ये भिताडावर आपले गप."

"बरोबर."

"लई चांगला मानूस दिसतोय," आक्का म्हणाल्या, पण आवाजात नाराजी होती. चांगला माणूस म्हणजे आक्कांच्या दृष्टीनं वाया गेलेली दुपार. त्यांनी मेंदीची खुडलेली पानं झटकली आणि दळण आणायचंय म्हणून निघून गेल्या. तात्याही गेले, दूध नासेल म्हणत. मी पुस्तकं उलटी करून दुसऱ्या बाजूला ऊन देत बसलो.

संध्याकाळी मीही गिरणीत गेलो. गिरणीवाल्यानं पट्टा सरकवून जातं थांबवलं, भुवयांवरचं पीठ पुसलं आणि आवाज चढवून विचारलं, कारण जात्यापुढे उभं राहून त्याला हळू बोलता येत नाही, "सर, ते तुमचे कोण पाव्हणे, नागावचे पेंटर, आक्कांच्या मालकांच्याच खात्यातले, त्यांनी म्हणे पगाराच्या जागी सरकारकडनं हत्ती मागून घेतला? आणि अमोल पालेकर मधे पडला?"

दळणाला थांबलेल्या दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं.

मी ज्वारीची पिशवी काट्यावर ठेवली. "हत्ती नव्हे," मी म्हटलं, "पिल्लू. आणि ते आलं भूकंपाच्या साली."